'छत्तीसगढ मित्र' आणि ज्ञानप्रसाराचा व्यय

संशोधन वाचकास विनामूल्य उपलब्ध व्हावे, ही मागणी २००२ च्या बुडापेस्ट घोषणेनंतर जगभर मान्यता पावू लागली. तिला आज 'मुक्तप्रवेश प्रकाशन' असे म्हणतात. वाचकाने मोल द्यावयाचे नाही हे ठरले. परंतु व्यय कोणी सोसावयाचा, याचे उत्तर कोठे लेखक, कोठे विद्यापीठ, तर कोठे शासन असे निरनिराळे मिळते. हा पेच छत्तीसगढाला नवा नाही.

जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते आणि प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घराण्यांतले. तरी आपल्या प्रांतातील वाचकाची भाषा हिंदी आहे हे त्यांनी ओळखले, हा त्यांचा मोठा विवेक होय. अंक प्रथम रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात व पुढे नागपूरच्या देशसेवक छापखान्यात छापले गेले.

या मासिकाचे खरे बळ ग्रंथपरीक्षणात होते. परीक्षण म्हणजे मित्राची पाठ थोपटणे, हा समज सप्रे यांनी मोडला. गुणदोष सप्रमाण दाखविण्याची शिस्त हिंदी समीक्षेस ज्यांनी लावली त्यांत त्यांची गणना करावी लागते. परंतु वर्गणीवर जगणाऱ्या पत्रास वर्गणीदार पुरेसे लाभले नाहीत, आणि डिसेंबर १९०२ च्या सुमारास ते बंद पडले. लाखे पुढे रायपूरच्या सहकारी चळवळीचे अध्वर्यू झाले. तेच सहकाराचे तत्त्व या मासिकास आधी लाभते, तर त्याचे आयुष्य कदाचित वाढले असते.

सप्रे मात्र थांबले नाहीत. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी त्यांनी अर्थशास्त्राची परिभाषा सिद्ध केली. १९०६ मध्ये नागपुरास 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला मिलच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा अनुवाद तीतूनच वाचकांपुढे आला. पुढे 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. साहित्य, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान या शाखांत त्यांनी कुंपणे मानली नाहीत.

१९२६ च्या एप्रिलमध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली असून, वर्गणीअभावी बंद पडलेल्या त्या मासिकातील त्यांची परीक्षणे आज कोणासही, कोणाची अनुमती न घेता, छापता येतात.