अध्याहृत कर्ता व कर्म (हिंदी-उर्दू)

हिंदी-उर्दूत कर्ता, कर्म किंवा दोन्ही न उच्चारता वाक्य पूर्ण होण्याचा विशेष. 'चाय बनाई?' या प्रश्नाला 'बना दी' असे उत्तर येते. त्यात बनवणाऱ्याचा उल्लेख नाही, चहाचाही नाही. तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. बोलण्यात हा प्रकार सर्रास आढळतो, औपचारिक लेखनात कमी. याबाबत हिंदी व उर्दू यांचे नियम सारखेच असल्याने येथे दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

परंपरा : न उच्चारलेल्या सर्वनामाची दखल पाणिनीने घेतली आहे. मध्यम पुरुषाचे प्रत्यय 'युष्मद्' (तू, तुम्ही) हे पद उच्चारलेले असो वा नसो, लागतात, असे अष्टाध्यायीत (1.4.105) सांगितले आहे. हिंदीत कामताप्रसाद गुरू यांनी 'हिंदी व्याकरण' (1920) या ग्रंथात वाक्यविन्यासाच्या भागात अध्याहाराचा विचार केला. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा (1911) आधार गुरूंनी घेतला होता.

क्रियापद व अध्याहार : हिंदी क्रियापद परसर्ग ('ने', 'को' इत्यादी) न लागलेल्या नामाप्रमाणे चालते. 'जाऊँगी' एवढ्यावरून बोलणारी स्त्री आहे आणि ती स्वतःविषयी बोलते आहे, हे कळते. सकर्मक धातूच्या पूर्ण भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो आणि प्रयोग कर्मणी होतो. कर्म गाळले तरी हा प्रयोग मोडत नाही : रोटीबद्दल विचारल्यास 'खा ली', आंब्याबद्दल विचारल्यास 'खा लिया'. रोटीचे स्त्रीलिंग निव्वळ व्याकरणिक आहे. ते क्रियापदावर उमटते, याचा अर्थ 'रोटी' हे पद उच्चारात नसले तरी रचनेत आहे. अध्याहार म्हणजे केवळ ऐकणाऱ्याने अर्थ भरून घेणे नव्हे, याचा हा स्वच्छ पुरावा आहे. व्यक्तिवाचक कर्माला 'को' लागतो, तेव्हा प्रयोग भावे होतो आणि तोही तसाच टिकतो. सीतेविषयी विचारले असता 'आज तो नहीं देखा' असे उत्तर येते. सीता स्त्री असूनही 'देखी' होत नाही. म्हणजे न उच्चारलेल्या कर्माबरोबर त्याचा न उच्चारलेला 'को'ही हिशेबात धरला जातो.

पुरुष मात्र अनेकदा हरवतो. 'कल देखा था' याचा कर्ता मी, तू, तो, ते यांपैकी कोणीही असू शकतो. मराठीत 'पाहिलंस' मधला 'स' निदान 'तू' दाखवतो. हिंदीत तेवढीही खूण नाही. नकारार्थी वर्तमानात सहायक क्रियापद गळाले, की 'नहीं जाता' मधूनही पुरुष दिसत नाही.

उपपत्ती : इटालियनसारख्या भाषांत क्रियापदाचे प्रत्यय कर्त्याची उणीव भरून काढतात, म्हणून तो गाळता येतो, असे स्पष्टीकरण नोम चॉम्स्की यांच्या 1981 च्या मांडणीनंतर रूढ झाले. जेम्स हुआंग यांनी 1984 मध्ये चिनीच्या आधारे दाखवले, की प्रत्यय मुळीच नसलेल्या भाषेतही संभाषणाचा विषय हे काम करू शकतो. हिंदी या दोहोंपैकी कोणत्याच चौकटीत पुरती बसत नाही. मिरियम बट व ट्रेसी किंग यांच्या मते येथे निर्णायक असतो तो संभाषणातला दर्जा : जे आधीच बोलण्याचा विषय आहे किंवा पार्श्वभूमीला आहे ते गाळता येते, नवी वा ठासून सांगायची माहिती गाळता येत नाही. 'गिलास किसने तोड़ा?' याला 'राजू ने' हे उत्तर चालते, नुसते 'तोड़ा' चालत नाही. 'ही' लागलेले पदही गाळता येत नाही.

सक्तीचा अध्याहार : 'घर आकर सो गया' यातील 'आकर'चा किंवा 'जाना चाहता है' यातील 'जाना'चा कर्ता उच्चारताच येत नाही. हा प्रकार वरील ऐच्छिक अध्याहारापासून वेगळा मानतात.

परसर्ग : परसर्गाआधीचे नामही काही वेळा गाळता येते. 'को', 'से', 'में' नामाशिवाय उभे राहत नाहीत, 'साथ', 'अंदर', 'ऊपर' राहतात ('साथ चलोगे?').

मतभेद : 'राम ने अपनी माँ को बुलाया, श्याम ने भी बुलाया' या वाक्यात श्यामने रामच्या आईला बोलावले, की स्वतःच्या? दोन्ही अर्थ निघतात. दुसरा अर्थ साध्या अध्याहृत सर्वनामातून मिळत नाही. त्यामुळे येथे अख्खे कर्मपद गळाले आहे, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते क्रियापद मागे ठेवून संपूर्ण क्रियापदबंध गळाला आहे. प्रश्न अनिर्णित आहे.

संगणकीय नोंद : हैदराबादची ट्रिपल आयटी व काही अमेरिकन विद्यापीठे यांच्या हिंदी-उर्दू वृक्षकोश प्रकल्पात वाक्यांची मांडणी पाणिनीय कारकसंबंधांवर आधारलेली आहे. त्याला जोडलेल्या हिंदी प्रॉपबँकमध्ये (क्रियापद व त्याची पदे यांचे संबंध नोंदवणाऱ्या संग्रहात) न उच्चारलेल्या पदांच्या जागी रिकाम्या खुणा घालण्यात आल्या. ऐच्छिक अध्याहार, सक्तीचा अध्याहार, 'पढ़ी हुई किताब'सारख्या विशेषणात्मक कृदंतातील पद आणि जोडवाक्यात गाळलेले पद असे चार प्रकार त्यात वेगळे दाखवले आहेत. यंत्रानुवादाला याची नित्य गरज पडते, कारण हिंदीतून इंग्रजीत जाताना गाळलेला कर्ता शोधून लिहावाच लागतो.

काव्य : उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीसाठी पुल्लिंगी क्रियापद वापरण्याचा संकेत असल्याने अध्याहृत कर्त्याचे लिंग क्रियापदावरून ठरवता येत नाही.