निनावी गळ्यांची तबकडी

परदेशात गाजलेले गाणे आपल्या स्टुडिओत रोजंदारीच्या वादकांकडून आणि निनावी गायकांकडून हुबेहूब उतरवून घ्यावयाचे, आणि मूळ तबकडीहून स्वस्त दराने बाजारात आणावयाचे, हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये भरभराटीस आला. परंतु त्याचे कूळ शोधीत मागे गेल्यास आपण जेथे पोहोचतो तेथे गायकही नसतो आणि स्टुडिओही नसतो, असते ती केवळ भोके पाडलेली एक कागदाची गुंडाळी.

स्वयंचलित पियानोत ही गुंडाळी फिरू लागली की भोकांबरहुकूम पट्ट्या दाबल्या जात आणि वादकावाचून संगीत चाले. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ही गुंडाळी म्हणजे स्वरलिपीची प्रत नव्हे, सबब तिच्यावर संगीतकाराचा स्वामित्वहक्क पोहोचत नाही. हा अन्याय दूर करावा तर संगीतकारांना नवा हक्क द्यावयास हवा, आणि तो बिनशर्त द्यावा तर प्रकाशकांशी आधीच करारमदार करून बसलेली, अशा गुंडाळ्या बनविणारी एओलियन कंपनी साऱ्या बाजाराची मक्तेदार होणार, अशा पेचातून १९०९ च्या कायद्याने वाट काढली: रचनाकाराने एकदा आपल्या गीताच्या यांत्रिक मुद्रणास संमती दिली की पुढे कोणीही प्रतीमागे दोन सेंट भरून तेच गीत पुन्हा मुद्रित करावे, त्यास मनाई करण्याचा अधिकार मालकास राहणार नाही. ब्रिटनने १९११ मध्ये याच धर्तीचे कलम केले आणि १९१४ च्या कायद्याने ते हिंदुस्थानातही आले. गीत ही एक मालमत्ता आणि त्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी, हा भेद कायद्याच्या दफ्तरात अशा रीतीने कायम झाला, आणि माझ्या मते या संपूर्ण व्यवसायाचा पाया त्या एका भेदातच आहे.

त्या काळच्या श्रोत्यासही गायकापेक्षा गीताचीच मातब्बरी अधिक होती. ब्रिटनमध्ये १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने तबकड्यांच्या खपावरून पहिली क्रमवारी छापली, तत्पूर्वी गीताची लोकप्रियता मोजली जाई ती छापील स्वरलिपीच्या विक्रीवरून. वुलवर्थच्या दुकानांत १९३० नंतरच्या दशकातच ‘एक्लिप्स’ आणि ‘क्राउन’ या सहा पेनींच्या तबकड्या विकल्या गेल्या होत्या. त्याच दुकानांसाठी ओरिओल कंपनीने १९५४ साली ‘एम्बसी’ नावाची मालिका काढली. मूळ तबकडीवर गाजलेले गाणे बहुधा एकाच बाजूस असे; एम्बसीने दोन्ही बाजूंस दोन गाजलेली गाणी दिली, आणि तीही कमी किमतीत. गायकांची नावे मात्र टोपण. ऑस्कर रेबिन यांच्या वाद्यवृंदात गाणारे रे पिलग्रिम एम्बसीवर बॉबी स्टीव्हन्स झाले, आणि अमेरिकेतून येणारी नवनवी गाणी त्यांच्या गळ्यातून ब्रिटिश घरांत पोहोचली.

१९६४ मध्ये ओरिओल अमेरिकन सीबीएसच्या ताब्यात गेली आणि पुढच्याच वर्षी एम्बसी बंद पडली. एव्हाना बीटल्सच्या उदयाने श्रोत्याचा कानच पालटला होता. आता त्याला नुसते गीत पुरेना. त्या तबकडीवरचाच गिटारचा झंकार, तोच ढोलाचा ठोका, तोच खर्ज त्याला हवा होता. यामुळे हा व्यवसाय मरावयाचा, तो उलट अधिक कठीण आणि, मला तरी, अधिक आदरणीय झाला. १९६८ मध्ये पिकविक कंपनीच्या हॉलमार्क शिक्क्याखाली ‘टॉप ऑफ द पॉप्स’ ही लाँगप्ले मालिका निघाली. ब्रूस बॅक्स्टर यांच्यासारखा संयोजक मूळ तबकडी पुनःपुन्हा लावी, सुई उचलून त्याच चार मात्रांवर परत ठेवी, आणि प्रत्येक वाद्याचे स्वर कानाने टिपून कागदावर उतरवी. वादक ती स्वरलिपी समोर आल्याबरोबर वाजवीत, आणि मूळ कलावंतांनी ज्यावर कित्येक दिवस घालविलेले असत ते गाणे काही तासांत पुरे होई. आज रॉक, उद्या सोल, परवा देशी बाजाची अमेरिकन चाल, हे सर्व त्याच माणसांनी वाजवावयाचे. असे वाचन आणि असा हात वर्षानुवर्षांच्या रियाजावाचून येत नाही, तरी वेष्टनावर या माणसांची नावे नसत. तेथे एखादी हसरी तरुणी असे. १९६९-७० मध्ये अशा स्वस्त तबकड्यांसाठी गाणाऱ्यांत एल्टन जॉन होते; स्टीव्ही वंडर यांचे ‘साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड’ आणि क्रीडन्स या वाद्यसंचाचे ‘अप अराउंड द बेंड’ त्यांनी असेच निनावीपणे गायिले.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये अल्पमोली तबकड्यांना अधिकृत क्रमवारीत प्रवेश मिळाला, तेव्हा म्युझिक फॉर प्लेझर या कंपनीची ‘हॉट हिट्स ६’ आणि हॉलमार्कची अठरावी तबकडी त्याच महिन्यात पहिल्या क्रमांकावर चढल्या. मोठ्या कंपन्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. १९७२ च्या आरंभी हा प्रवेश बंद झाला. तो निर्णय मला गैरवाजवी वाटतो, कारण लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू गणतीतून वगळावयाची, तर ती गणती कशाची? खरा घाव मात्र त्याच वर्षी केटेल कंपनीने घातला: मूळ गायकांचीच मूळ मुद्रणे एकत्र करून एका तबकडीवर विकण्यास तिने आरंभ केला, आणि अनुकृतीचे प्रयोजन हळूहळू सरले. हॉलमार्कची मालिका ९२ भागांनंतर १९८५ साली थांबली.

कूळ मात्र तेथे खुंटले नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ५२(१)(जे) या कलमाने ती जुनी मुभा टिकून होती, आणि कॅसेट आल्यावर गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने तिच्या आधारे जुनी हिंदी चित्रपटगीते नव्या गळ्यांतून गाववून घेतली. रफींची गाणी गाणारे सोनू निगम आणि किशोरकुमारांची गाणी गाणारे कुमार सानू याच वाटेने घरोघर पोहोचले. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम जाऊन ३१सी आले. आता मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले त्या वर्षाअखेरीपासून पाच वर्षे लोटल्याखेरीज कोणासही या कलमाच्या आधारे त्या गीताची नवी आवृत्ती काढता येत नाही.