राजाची वसुली

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या लेकीच्या वर्गात बाईंनी १७६५चा स्टॅम्प कायदा नाटक करून शिकवला. मुलांना खोटे पैसे वाटले. कागद हवा, तर राजाचा कर भरा! वसुलीला कोण, तर आमची छकुली. पठ्ठीने एक कागद फुकट सोडला नाही. (रक्तच कारकुनाचं!) मग डबा खाताना तिच्याशेजारी कुणी बसेना. फोनवर मुसमुसत होती.

म्हटलं, ‘‘बाळ, बॉस्टनच्या अँड्र्यू ऑलिव्हरचा तर पुतळा झाडाला टांगला, घराची मोडतोड केली. कायदा लागू व्हायचा होता १ नोव्हेंबरला, अन् हे सगळं १४ ऑगस्टला! दुसऱ्याच दिवशी बिचाऱ्यानं काम सोडलं.’’

‘‘काका, बाई मला सोडू देत नाहीत. शुक्रवारपर्यंत आहे.’’

माझं रिटायरमेंटपर्यंत आहे, हे मी तिला सांगितलं नाही.