अकरा महिने, एक कुबडी आणि बंड्या

गेले तीन शनिवार-रविवार लिहायला बसलोच नाही, कारण घरं बघत हिंडत होतो. घाटकोपरच्या घराचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यामुळे मुदतवाढ नाही. त्यांची काही चूक नाही. अडचण माझी आहे. डाव्या पायात लहानपणापासून ताकद नाही, त्यामुळे कॅलिपर आणि एक कुबडी असा सरंजाम असतो. शिवाय बंड्या आहे. वय वर्षं सात, जात गावठी, मुक्काम माझ्या पलंगाखाली.

एजंटांचे प्रश्न आता तोंडपाठ झालेत. फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? कंपनी लीज आहे का? मग प्रत्यक्ष भेटीत नजर कुबडीवर जाते. "साहेब, तिसरा मजला आहे हां, लिफ्ट नाही." आणि मी बंड्याचं नाव काढलं की "विचारून कळवतो". कुणीही कळवत नाही.

"कुत्रा कुणाकडे तरी ठेवा ना" हा सल्ला आतापर्यंत अनेकांनी दिला. मागच्या पावसाळ्यात मी बाथरूममध्ये घसरून पडलो, फोन बाहेर चार्जिंगला. बंड्यानं दारापाशी जाऊन इतका दंगा केला की समोरच्या काकू त्यांच्याकडची किल्ली घेऊन धावत आल्या. तेव्हा तो कुणाकडेही ठेवायचा नाहीये. विषय संपला.

तर तीन आठवड्यांत सात नकार, आणि एकही लेखी नाही. सॉफ्टवेअरवाला माणूस, गडबड दिसली की लॉग मागे मागे वाचत जायची सवय. तसाच हा नकारांचा लॉगही वाचत गेलो, तो थेट पहिल्या महायुद्धापर्यंत पोचला.

मुंबईत भाड्यावर पहिलं बंधन आलं १९१८ साली. युद्धामुळे घरांची टंचाई, भाडी भडकलेली, म्हणून सरकारनं तात्पुरता कायदा केला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं, आणि त्यातून आला १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्यानं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. हासुद्धा तात्पुरताच होता म्हणे! मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं टिकला. (आमच्या प्रोजेक्टमधले तात्पुरते पॅचही असेच असतात.)

या कायद्याला शिव्या घालायची हल्ली फॅशन आहे. मला ते पटत नाही. गिरणीतला माणूस, कारकून, बायकापोरांसकट एका खोलीत राहणारं कुटुंब, यांना रातोरात रस्त्यावर काढता येत नव्हतं ते याच कायद्यामुळे. पण भाडं गोठलं आणि दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला, तेव्हा भाड्यानं द्यायला इमारत बांधणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. पागडी सुरू झाली. नवीन इमारती उभ्या राहिल्या त्या ओनरशिपच्या, आणि त्यांच्यासाठी १९६३ मध्ये वेगळा कायदाही झाला.

माझ्या सात नकारांपैकी निदान तीन जन्मले ते १९७३ साली. भाडेकरूचे हक्क टाळण्यासाठी मालक तोवर 'भाडं' न म्हणता 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणू लागले होते. म्हणजे तुम्ही भाडेकरू नाही, फक्त वापरायची परवानगी असलेले पाहुणे. सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत राहत असलेल्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू करून टाकलं. ज्यांच्या घरात तेव्हा असे पाहुणे होते त्या मालकांना केवढा धक्का बसला असेल! ही भीती घराघरांत वारशानं उतरली. "घर बंद ठेवू पण भाड्यानं देणार नाही" हे वाक्य मी तिशीतल्या मालकाकडून ऐकलंय. १९७३ मध्ये त्याचे वडीलच शाळेत असतील.

आणि अकरा महिने? नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचं भाडेपत्र नोंदवावं लागतं, म्हणून वर्षाला एक महिना कमी. गंमत अशी की महाराष्ट्रात याला आता काही अर्थ उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या, मग १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमानुसार प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तेहेतीस. नोंदणी करून घेण्याची जबाबदारीही मालकाची. मुदत संपूनही लायसन्सवाला हलला नाही तर दुप्पट दरानं भरपाई, आणि ताबा मिळवायला दिवाणी कोर्टाऐवजी वेगळा सक्षम प्राधिकारी. म्हणजे मालकाची भीती कायद्यानं पंचवीस वर्षांपूर्वीच बरीचशी दूर केली. तरी अकरा महिने कायम! धडधाकट माणसाला दर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलावणं हा वैताग आहे. मला ते नव्यानं चालायला शिकण्यासारखं आहे. नवीन बाथरूमची फरशी, नवीन पायऱ्यांची उंची, कठडा कुठल्या हाताला, सगळं पहिल्यापासून.

(कंपनी लीजचं कोडंही इथेच सुटलं. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना १९९९ च्या कायद्याचं संरक्षणच नाही. म्हणून मालकाला त्या लाडक्या.)

मालक तयार झाला की दुसरा अडथळा म्हणजे सोसायटी. इथला इतिहास वाचून मला खरंच हसू आलं. मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माणाचा पाया घातला गेला १९१५ साली, गावदेवीच्या सारस्वत सोसायटीत. त्यामागे होते श्रीपाद सुब्राव तालमकी. योजना अशी, की सभासदांनी भाग घ्यायचे, सोसायटीनं इमारत बांधायची आणि सभासदांनी आपल्याच सोसायटीला भाडं देऊन राहायचं. म्हणजे सोसायटी हा मुळात भाडेकरूंनी काढलेला मार्ग होता. घरमालकाच्या लहरीपासून सुटका हवी होती म्हणून! शंभर वर्षांनी त्याच सोसायटीच्या नोटीस बोर्डावर भाडेकरूंसाठी वेगळी नियमावली लावलेली असते.

अर्थात सोसायट्या सुरुवातीपासून 'आपल्या माणसांच्या' होत्या हेही खरं. सारस्वतांची, कॅथलिकांची, पारशांची. एका समाजापुरती सोसायटी ठेवता येते का, हा वाद अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीवरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५ मध्ये न्यायालयानं सोसायटीच्या बाजूनं कौल दिला. तो निकाल सभासदत्वाबद्दल आहे, भाडेकरूबद्दल नाही. पण सोसायटी म्हणजे आपलं घर आणि दारात कुणाला घ्यायचं ते आपण ठरवणार, हा भाव तिथूनच येतो. वास्तविक २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सभासदानं भाडेकरू ठेवताना सोसायटीला आगाऊ कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे २००१ पासून ठरलंय. तरी "कमिटीला भेटून जा" होतंच.

आता जिना. अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आले. स्वातंत्र्यानंतर हाउसिंग बोर्डानं घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीला कन्नमवार नगर, अंधेरीला डी. एन. नगर अशा वसाहती उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन-चार मजले, लिफ्ट नाही. स्वस्तात जास्तीत जास्त कुटुंबांना डोक्यावर छप्पर द्यायचं होतं आणि ते दिलंही, त्याला नावं ठेवणार नाही. खाजगी इमारतींचंही तेच. १९९१ च्या विकास नियमावलीतसुद्धा १६ मीटरपेक्षा उंच इमारतीलाच लिफ्ट सक्तीची होती. त्यामुळे परवडणारं भाडं म्हणजे जिना, हे उपनगरातलं साधं गणित आहे.

मग तळमजला घ्यावा! घेतला असता. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांनी काय पाहिलं ते मुंबईकराला सांगायला नको. छातीएवढ्या पाण्यात कुबडी तरंगते, माणूस नाही. आणि पुनर्विकासातून आलेल्या टॉवरांत तळमजलाच नसतो, तिथे गाड्या राहतात. लिफ्ट असते, तीही चकाचक, पण तिच्यापर्यंत पोचायला पाच पायऱ्या. अंधेरीतल्या अशाच एका इमारतीत मी त्या पायऱ्यांशी उभा होतो आणि वॉचमन कौतुकानं सांगत होता, "तीन लिफ्ट आहेत साहेब."

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे. नव्या बांधकामाला सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय परवानगी देऊ नये असं तो म्हणतो. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षांची मुदतही त्यात होती. पण सार्वजनिक इमारतीची व्याख्या वाचली की शाळा, दवाखाने, स्टेशनं, दुकानं दिसतात. चाळीस वर्षांपूर्वीची राहती सोसायटी त्यात नाही. तिथे रॅम्प हवा तर सर्वसाधारण सभेत मागा. सभेत बसायचा हक्क सभासदाला. मी लायसन्सवाला, म्हणजे पाहुणा.

राहता राहिला बंड्या. मुंबईनं कुत्र्यांवरून दंगल पाहिलीये हे मला माहीत नव्हतं. जून १८३२ मध्ये. कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं. बक्षिसाच्या नादात शिपाई लोकांच्या घरादारापर्यंत पोचले. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान, त्यांनी कोटात हरताळ पाडला, दुकानं बंद केली आणि प्रकरण हातघाईवर आलं. दारात बसलेलं कुत्रं घरचं की रस्त्यावरचं, आणि ते ठरवायचं कुणी, हा तंटा तेव्हापासूनचा.

आज कागदावर बंड्याची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे :) भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीला बहुमतानंही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण हीही ढाल सोसायटीपुढे धरायची. मालकानं करारातच 'पाळीव प्राणी ठेवणार नाही' असं कलम टाकलं आणि मी सही केली, तर ती कुणाची बंदी नव्हे, माझीच कबुली. अमेरिकेत १९८८ पासून घरभाड्याच्या कायद्यात अपंगत्वाचा समावेश आहे आणि 'प्राणी नकोत' म्हणणाऱ्या मालकालाही अपंग माणसाच्या मदतनीस कुत्र्यासाठी सवलत द्यावी लागते. आपल्या १९९९ च्या कायद्यात असं काही नाही. अर्थात बंड्याकडे कसलं प्रशिक्षणही नाही. त्याला फक्त मी पडलो की भुंकायचं कळतं.

असो. गेल्या रविवारी मुलुंड पूर्वेला एक घर पाहिलं. पहिला मजला, अठरा पायऱ्या, पण उंची कमी आणि कठडा उजव्या हाताला. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. "भुंकतो का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं, खोटं काय बोलायचं. एजंटच्या छापील मसुद्यात नववं कलम प्राण्यांचं होतं, ते त्यांनी काढायला लावलं. तेहेतीस महिने मागितले होते, बावीसवर तडजोड झाली. १९७३ ची गोष्ट त्यांनीही सांगितली, त्यांच्या मोठ्या दिरांच्या घराची.

उद्या सकाळी दहाला कमिटीनं भेटायला बोलावलंय. "कुत्र्यालाही आणा," असं सेक्रेटरीकाका फोनवर म्हणाले. आवाजावरून काहीच अंदाज आला नाही. बंड्याला आत्ताच आंघोळ घातलीये, तो रुसून पलंगाखाली बसलाय.