गोलंदाज आणि यष्टींमागचा जाणता

अमेरिकेच्या बेसबॉलमध्यें चेंडू फेंकणारा व तो झेलणारा हे दोघे सामन्यापूर्वींच एकत्र बसतात. प्रतिपक्षाच्या कोणत्या फलंदाजास कोणता चेंडू जड जातो याची चर्चा होते. मग फेंकणारा हात मोकळा करीत असतां, आज त्याचा कोणता चेंडू नीट उतरत आहे हें झेलणारा पारखून घेतो. बोटांच्या खुणा ठरतात. परंतु प्रतिपक्षाचा गडी दुसऱ्या तळावर पोंचला कीं त्या त्याच्या नजरेस पडतात, म्हणून बदलाव्या लागतात. २०२२ पासून तेथील प्रमुख संघांना यासाठीं विजेचें यंत्र वापरण्याची मुभा आहे!

क्रिकेटमध्यें हेंच नातें गोलंदाज व यष्टिरक्षक यांचें. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, श्रीरामपूर येथें १९७८ सालीं झहीर खान यांचा जन्म झाला. २००० सालीं ढाक्यास पहिली कसोटी खेळून त्यांनीं पुढें ९२ कसोट्यांत ३११ बळी मिळविले. त्यांच्या भात्यांतील एक बाण मात्र थेट बेसबॉलमधून आलेला होता. तो म्हणजे 'नकल बॉल'. बोटें दुमडून चेंडू धरावयाचा. हात नेहमींच्याच वेगानें फिरतो, चेंडू मात्र रेंगाळत येतो.

फलंदाज फसतो तें ठीक. पण यष्टिरक्षकही फसला तर? वेगवान गोलंदाजीस तो बराच मागें उभा असतो, आणि असा चेंडू त्याच्या अलीकडेंच दम टाकतो. उघडपणें पुढें सरकावें, तर पलीकडच्या टोकाचा फलंदाज तें पाहतो. तेव्हां चेंडूची जाण सरावांतच व्हावयास हवी. गोलंदाजाचे बळी कोष्टकांत मांडतात. या जाणतेपणाला कोष्टकांत रकाना नाहीं, हा अन्यायच होय.

२० मार्च २०११ रोजीं चेन्नईस याच चेंडूनें वेस्ट इंडीजच्या डेव्हन स्मिथचा ८१ धावांवर त्रिफळा उडाला. २ बाद १५४ वरून तो संघ १८८ धावांत आटोपला. २ एप्रिलच्या अंतिम सामन्यांत, मुंबईस, झहीर यांच्या पहिल्या पांच षटकांपैकीं तीन निर्धाव गेलीं, सहाच धावा निघाल्या, आणि थरंगाचा झेल सेहवागनें टिपला. उरलेल्या पांच षटकांत मात्र ५४ धावा गेल्या. यष्टींमागें उभे असलेले कर्णधार धोनी यांनीं त्या रात्रीं नाबाद ९१ धावा काढून तें ऋण फेडलें.