उद्याच्या संघाची शेती

१९१७ साली ब्रँच रिकी सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाचा अध्यक्ष झाला, तेव्हा संघाकडे कर्जाशिवाय फारसं काही नव्हतं. कुणी बडा माणूस भेटायला यायचा असला की रिकी घरचा गालिचा आणून कचेरीत अंथरायचा, असं सांगतात. १९१९ च्या हंगामाआधीचा सराव दक्षिणेतल्या एखाद्या उबदार गावी करायचा सोडून सेंट लुईसमध्येच उरकावा लागला, कारण प्रवासखर्च झेपत नव्हता.

आज अमेरिकेतला बेसबॉलवेडा माणूस एखाद्या वीस वर्षांच्या पोराचं नाव घेऊन तीन वर्षांनंतरचा संघ कागदावर मांडत बसतो. हा तिसऱ्या बेसवर, तो सेंटर फील्डला, आणि पोरगा फलंदाजीत तिसरा. पोरगा अजून कुठल्या तरी आडगावच्या दुय्यम संघात बसने फिरत असतो, पण त्याच्याभोवती आठ जणांच्या जागा ठरूनही गेलेल्या असतात. हा उद्योग हौशी चाहत्यांचा वाटतो, पण संघांचे व्यवस्थापक पगार घेऊन हेच करतात. त्याची सुरुवात रिकीच्या त्या कडकीत झाली.

त्या काळी लहान गावांचे संघ स्वतंत्र मालकांचे असत. चांगला पोरगा हाती लागला की मालक त्याला मोठ्या संघाला विकून वर्षाचा खर्च भागवत. रिकीची नजर पारखी होती. स्वतः खेळाडू म्हणून मात्र तो बेताचाच. १९०७ मध्ये तो न्यूयॉर्ककडून कॅचर म्हणून उभा असताना वॉशिंग्टनच्या खेळाडूंनी एका सामन्यात त्याच्यादेखत १३ बेस चोरले होते. पण दुसऱ्याच्या अंगातला खेळ त्याला लगेच कळे, आणि हीच त्याची अडचण झाली. रिकीने एखाद्या पोराची चौकशी केली की मालक न्यूयॉर्क जायंट्ससारख्या श्रीमंत संघाला कळवायचा: रिकीला हा हवाय, तुम्ही काय देता? पारख रिकीची, आणि पोरगा जायंट्सचा. बाजारातला हापूस परवडत नसेल तर कलमं लावावीत, तसं रिकीने ठरवलं, आणि पोरांऐवजी संघच विकत घ्यायला सुरुवात केली.

पैसा आला तो मैदान विकून. १९२० मध्ये नवा मालक सॅम ब्रेडन याने कार्डिनल्सचं जुनं लाकडी मैदान शाळा मंडळाला आणि ट्राम कंपनीला विकलं, आणि संघ शहरातल्याच दुसऱ्या संघाच्या मैदानात भाडेकरू म्हणून गेला. त्या पैशातून फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन, सिरॅक्यूज या संघांमधला कार्डिनल्सचा वाटा वाढत गेला. आधी थोडा हिस्सा, मग अख्खा संघ. खालच्या डी वर्गापासून वरपर्यंत पायऱ्या लागल्या. पोराने डी मध्ये चमकावं, सी मध्ये टिकावं, आणि तावून सुलाखून निघाला तर सेंट लुईसला यावं. याला फार्म सिस्टिम हे नाव पडलं. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या ताब्यात तीसहून अधिक संघ आणि सहाशेच्या वर खेळाडू होते. जास्तीचे खेळाडू इतरांना विकले जात, आणि त्या पैशात रिकीचाही हिस्सा असे. धर्मभीरू मेथडिस्ट म्हणून रविवारी तो मैदानात पाऊल टाकत नसे. हिशेबाला मात्र पक्का.

हे सगळं चाललं ते करारातल्या एका कलमाच्या जोरावर. त्या कलमाने खेळाडू एकदा सही केली की कायमचा त्या संघाचा होई. दुसरीकडे जायचा अधिकार त्याला नव्हता. रिकीच्या युक्तीची तारीफ करताना हे विसरलं जातं. उद्याचा संघ आज आखता येतो, कारण पोरगा उद्याही आपलाच असणार याची खात्री असते. बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना ही शेती खुपत असे. १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या दावणीला बांधलेले सत्तरहून अधिक खेळाडू मोकळे केले. रिकीचं म्हणणं असं की महामंदीत लहान गावांचे संघ जगले ते आमच्यामुळे. त्यातही तथ्य होतं.

आणि योजना कितपत बरोबर ठरत? स्टॅन म्युझियल हे उत्तम उदाहरण. पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावचा, पोलंडहून आलेल्या कामगाराचा हा मुलगा. कार्डिनल्सने त्याला घेतलं ते पिचर म्हणून. १९४० मध्ये डेटोना बीचच्या डी वर्गातल्या संघाकडून त्याने १८ सामने जिंकून दिले. मधल्या दिवसांत बॅट चालते म्हणून त्याला आउटफिल्डमध्ये उभं करत. तिथेच एक झेल घ्यायला झेपावताना तो डाव्या खांद्यावर आपटला आणि फेकीचा हात गेला. योजना तिथेच बारगळली. पुढच्या वर्षी तो नुसता फलंदाज म्हणून सी वर्गात खेळला, तिथून रॉचेस्टरच्या दुय्यम संघात, आणि सप्टेंबरात थेट सेंट लुईसला. १९४२ मध्ये कार्डिनल्सने न्यूयॉर्क यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज ही अंतिम लढत जिंकली, ती जवळजवळ सगळ्या घरच्या पोरांच्या बळावर. म्युझियल १९६३ पर्यंत त्याच संघात राहिला. त्याचे ३६३० हिट्स झाले, त्यातले १८१५ घरच्या मैदानावर आणि तितकेच बाहेर. मला यात रिकीची दूरदृष्टी कमी आणि सहाशे पोरं हाताशी असण्याचा फायदा जास्त दिसतो. रोपं भरपूर असली की भलत्याच जागी लावलेलं एखादं तगून जातं.

बाकीची बहुतेक तगत नाहीत, पण पायऱ्या सगळ्यांनाच चढाव्या लागतात. रिकी पुढे ब्रुकलिनला गेला, आणि पुढे मोठ्या संघांतली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनलाही त्याने आधी १९४६ चा हंगाम माँट्रियलच्या दुय्यम संघातच खेळवला. १९५० पासून तो पिट्सबर्गला होता. याच पिट्सबर्गच्या संघाने २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. दोघांनी त्याआधी बेसबॉल खेळलेलाही नव्हता. मेजर लीगपर्यंत, म्हणजे मोठ्या संघांपर्यंत, त्यांच्यातला कुणी पोचला नाही, पण त्या पायऱ्यांवर अडकलेल्या हजारोंमध्ये ते काही वेगळे नव्हते.

१९६५ मध्ये नव्या पोरांची वार्षिक निवड सुरू झाली. वाईट खेळलेले संघ आधी निवडणार. दहा वर्षांनी लवादाच्या निकालाने ते जुनं कलम मोडलं, आणि पुढच्या करारात ठरलं की मेजर लीगची सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. आता तरुण पोरगा पूर्वीपेक्षाही मोलाचा झाला, कारण पहिली सहा वर्षंच तो स्वस्तात मिळणार होता. क्लीव्हलँडचा व्यवस्थापक जॉन हार्ट याने १९९० च्या दशकाच्या आरंभी तरण्या खेळाडूंना आधीच लांबलचक करार देऊन टाकले. १९९५ मध्ये तो संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला.

शिकागो कब्जने याहून कठोर मार्ग धरला. थिओ एप्स्टीन संघाची सूत्रं हाती घ्यायला आल्यावर २०१२ मध्ये संघ १०१ सामने हरला, आणि २०१३ च्या निवडीत दुसरा क्रमांक मिळाला. पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने मार्क अपेल हा पिचर घेतला. तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही. मेजर लीगमध्ये तो आला तो फिलाडेल्फियाकडून, तिशीत. शिकागोने घेतला क्रिस ब्रायंट.

२०१५ च्या सराव सामन्यांत ब्रायंटने नऊ होम रन मारले. तरी हंगाम सुरू होताना त्याला आयोवातल्या दुय्यम संघात पाठवलं. क्षेत्ररक्षण सुधारायचंय, असं कारण दिलं. १७ एप्रिलला तो शिकागोत खेळायला उतरला. मेजर लीगचं एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात, त्याचे भरले १७१. एका दिवसाने त्याची सहा वर्षं सात झाली. त्या मोसमात तो सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०१६ मध्ये कब्जने १९०८ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज जिंकली. ब्रायंटने दाद मागितली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. त्या एका दिवसाने मिळवलेलं जादा वर्ष म्हणजे २०२१. त्या जुलैच्या अखेरीला कब्जने ब्रायंटला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडलं. बदल्यात दोन पोरं आली, दोघंही दुय्यम संघांमधली.