जुनोन्याच्या पाळीखाली

मुलचेऱ्याकडून आष्टी, गोंडपिपरी करत बल्लारपूरला आलेला माणूस वर्धेकाठचा गोंडकालीन किल्ला पाहतो आणि चंद्रपूरला निघून जातो. वाटेत जुनोन्याला वळणारे थोडे. वळलेच तर ताडोब्याच्या बफरमधल्या सफारीसाठी, म्हणजे वाघासाठी. तिथल्या तलावाकाठी गोंड राजांच्या महालाचे अवशेष आहेत. जिप्सीतून एखादी नजर गेली तर गेली.

1870 साली चार्ल्स ग्रँटने मध्य प्रांताचे गॅझेटियर काढले. त्यात जुनोन्याच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या, पण कामाच्या आहेत: बल्लारपूरपासून सहा मैलांवरचे गाव, उत्तम तलाव, पाळीवर जुना महाल, मागे सुमारे चार मैल लांबीच्या भिंतीच्या खुणा आणि जमिनीखालून पाणी नेणाऱ्या नाल्यांचे जाळे. महाल आणि भिंत कोणताही राजा बांधतो. नवल या नाल्यांचे.

युरोपातल्या राजांचा शौक वेगळा. चौदाव्या लुईने 1684 ते 1686 या काळात व्हर्सायला अवाढव्य दगडी घर उभारले, कशासाठी? तर कुंड्यांतली संत्री हिवाळ्यात गारठू नयेत म्हणून! चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, राजाला थंडीची कसली धास्ती? इथे मे महिना निभावला की मिळवली.

म्हणून इथला राजाश्रय पाण्याला मिळाला. हीरशहा या राजाने तर तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन साऱ्याशिवाय देण्याची पद्धत घातली. या सनदेला तुकूम म्हणत. चंद्रपुरातल्या तुकूममध्ये आज प्लॉटचे भाव विचारणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

या तलावांतून पाणी सोडायची सोय म्हणजे तुडूम. पाळीलगत पाण्यात उभा खांब, त्याला वरपासून खालपर्यंत भोके आणि प्रत्येक भोकात लाकडी बुच. धानाला पाणी हवे झाले की वरचे बुच काढायचे. तलाव उतरला की त्याखालचे. वरचे, ऊन खाल्लेले पाणी आधी बांधीत जाते, तळचे शेवटपर्यंत राहते.

1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला, शंभर वर्षांनी इंग्रज आले. राजे गेले तरी गावोगावचे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या, हाती चालत राहिले, कारण सारा धानावर आणि धान तलावावर. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर माती कोणी टाकायची हा प्रश्न कागदावर गेला. मालगुजारांबद्दल हळहळायचे कारण नाही, त्यांनी रयतेला काही कमी पिळले नाही. पण पाळ फुटली तर नुकसान त्यांचे स्वतःचे होते. नव्या मालकाला ती धास्ती नव्हती. ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकले, आणि गाळ उपसायच्या यादीत आपला मामा तलाव यावा म्हणून ग्रामपंचायती आता अर्ज करतात.